ट्रंकेची पलीकडची बाजू

४ एप्रिल

ताई,

परवा फोनवर आपण दोघी एकदम बोलायला लागलो आणि एकदमच फोन ठेवला. आधी कुणी ठेवला यावरून पुढच्या फोनला नवं भांडण होईल, म्हणून कागदावर लिहिते आहे. कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही.

दोन कामं आहेत. पहिलं माझं. कॉलेजात समाजशास्त्र शिकवते म्हणजे दिवसभर नक्की काय करते, असं तू दर वेळी विचारतेस. सध्या हे करते आहे: एका घरातली, एका आईची लेकरं वेगवेगळ्या वाटांना कशी लागतात, त्यात त्यांच्या स्वभावाचा हात किती आणि भोवतालच्या परिस्थितीचा किती, यावर एक लेख लिहिते आहे. त्यासाठी शिवणकाम करणाऱ्या बायकांना तीस प्रश्न विचारायचेत. तुमच्या कारखान्यात बारा मशीन आहेत, म्हणून बारा कागद पाठवते आहे. तेरावा मास्तरांनी मागितला तर देऊ नकोस.

दुसरं काम तुझ्या लेकीचं. सुट्टीत ती माझ्याकडे चार दिवस राहून गेली तेव्हा आम्ही इथल्या ज्युनिअर कॉलेजचा अर्ज भरला, हे तिनं तुला सांगितलंच असेल. निवड झाली तर मेच्या शेवटी पत्र तुझ्या पत्त्यावर येईल. त्यासोबतचा फॉर्म पालकाची सही होऊन पंचवीस जूनच्या आत परत पोचला पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाते. राहायचा प्रश्न नाही. माझी मागची खोली रिकामीच असते, खिडकीशी टेबल आहे. माझ्या घरात बोलायला कुणी नाही हे तुला माहीत आहे. तूही कधी तोंडावर म्हणालेली आहेसच.

तू फोनवर 'बघू' म्हणालीस. तुझं 'बघू' मी लहानपणापासून ओळखते, म्हणून विचारते: हो की नाही?

तुझी,
धाकटी

१९ एप्रिल

धाकटे,

तुझे बारा कागद भरून पाठवते आहे. डब्याच्या सुट्टीत बसून भरले. नववा प्रश्न, 'रिकाम्या वेळेत आपण काय करता?' हा मी मोठ्यानं वाचला तर सगळ्या इतक्या हसल्या, की मास्तर कात्री हातात घेऊनच बघायला आला. चौथा प्रश्न, 'आपण हे काम का निवडले?' याला अकरा जणींनी 'घरच्यांनी लावलं' असं लिहिलंय. बारावी मी. मी 'निवडले' हा शब्दच खोडलाय. तुझा कागद खराब झाला असेल तर माफ कर.

विसाव्या प्रश्नात विचारलंयस, कामात कुठलं खास कौशल्य आहे. शाळेच्या युनिफॉर्मच्या कॉलरी मी लावते, दिवसाला नव्वद, आणि एकही उसवावी लागत नाही. दुसरं म्हणजे, मास्तर टेबलाच्या पलीकडून मापं लिहीत असतो तेव्हा मी अलीकडून उलटी वाचते. तो लिहून चिठ्ठी फिरवेपर्यंत माझ्या मशीनला दोरा ओवून झालेला असतो. नवीन मुलींना ती जादू वाटते. तुला वाटू नये. तुला कारण माहीत आहे.

आता लेकीचं. चार दिवस तुझ्याकडे काय राहिली, माझ्या घरात उठता बसता 'मावशी म्हणते' सुरू झालंय. चहाचा कप तुझ्यासारखा दोन हातांनी धरते. मी काही बोलले की 'तसं नसतं गं आई' म्हणते, आणि म्हणताना मान तुझ्यासारखी तिरपी करते. सोळा वर्षं मी वाढवली आणि चार दिवसांत तुझी झाली. तुझ्या पुस्तकांच्या कपाटाचा फोटो तिनं माझ्या आरशाच्या कडेला चिकटवलाय. रोज सकाळी भांग पाडताना मला माझं अर्धं तोंड आणि तुझं अख्खं कपाट दिसतं.

हो, पोटात दुखतं माझ्या. तुझ्यापासून लपवून काय करू? लहानपणी पुस्तक तुझ्याकडे तोंड करून होतं, शाळा तुला मिळाली, चष्मा, नोकरी, खिडकीशी टेबल तुला. माझ्या वाट्याला जी एक चीज निव्वळ माझी म्हणून आली, तिच्यासाठीही तुझी खोली रिकामी आहेच.

पत्र आलं की बघू.

ताई

२८ मे

ताई,

तुझं पत्र आल्यावर मी चार वेळा उत्तर लिहायला घेतलं आणि चारही वेळा ते भांडण झालं, म्हणून महिना गेला. कागद मात्र उत्तम भरलेस. तू खोडलेला शब्द मी वर्गात मुलांना दाखवला. तासभर त्याच एका खोडलेल्या शब्दावर बोललो.

तू तुझं सांगितलंस, मीही माझं सांगते. तुला वाटतं सगळं मला मिळालं. आईच्या शेवटच्या दुखण्यात मी रजा काढून आले होते, आठवतं? तुला ती 'अगं, पाय चेप' म्हणायची आणि मी खोलीत शिरले की उशीवरून मान उचलून म्हणायची, 'या, बसा.' पोटच्या पोरीला 'बसा'! अकराव्या वर्षी मी हॉस्टेलवर गेले आणि परत येताना दर वेळी थोडी जास्त पाहुणी होऊन आले. तुमचं दोघींचं बोलणं अर्ध्या वाक्यांत चालायचं आणि मला प्रत्येक वाक्य पूर्ण करून सांगावं लागायचं. ती 'अगं' तुला मिळाली. त्यावरून मी अजून जळते.

लेखाची कच्ची प्रत सोबत आहे. त्यात दोन बहिणींचं उदाहरण आहे. नावं नाहीत, पण तू ओळखशीलच. चुकलं असेल तर सांग.

आणि प्रवेशाचं पत्र आलं का? कॉलेजच्या ऑफिसात विचारलं. निवड झाली आहे आणि पत्र वीस तारखेलाच टाकलंय म्हणाले. पोरगी मला रोज फोनवर विचारते. मी तिला काय सांगू?

धाकटी

३ जून

धाकटे,

पत्र आलेलं नाही. पोस्टमन रोज दारावरून जातो, मान वर करूनसुद्धा बघत नाही. गेल्या आठवड्यात विजेचं बिल आलं, शेजारच्यांचं एक चुकून आलं, बाकी काही नाही. घर आवरताना सगळीकडे बघितलं. कपाटावर नाही, गादीखाली नाही, आणि माझ्या मशीनच्या खणात नुसत्या बॉबिनी आहेत. आलं की कळवीन.

आता तुझा लेख. सातव्या पानावर लिहिलंयस: 'दोघींनी एकाच दिवशी निवासी शाळेची प्रवेशपरीक्षा दिली. धाकटी निवडली गेली. मोठीचा कल मुळातच हातकामाकडे होता.' कल! हा कल तुला कुठे दिसला? मी बारा वर्षांची होईपर्यंत सुई हातात धरली नव्हती.

तुला माहीत नाही ते आज सांगते. इतकी वर्षं लाजेनं सांगितलं नाही.

मला एक वर्ष घरी ठेवलं होतं तुला सांभाळायला. मग दोघींना एकाच वर्गात घातलं, म्हणजे एका पुस्तकात दोघींचं होईल. अभ्यास आईच्या पत्र्याच्या ट्रंकेवर. ट्रंकेच्या एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला पलंग. शेजारी शेजारी बसायला वीतभर जागा नव्हती, म्हणून समोरासमोर बसायचो. तुझे डोळे कमजोर, पुस्तक फिरवलं की तू भोकाड पसरायचीस. म्हणून पुस्तक कायम तुझ्याकडे तोंड करून. मी वाचायला शिकले ती पलीकडून, उलटं. लिहायचे सरळ, वाचायचे उलटं. वर्गात तर सगळं तोंडपाठ असायचं, त्यामुळे बाईंच्या कधी लक्षातच आलं नाही. सरळ धरलेलं अक्षर मला लागायचं, पण एकेक करून, ठेचकाळत.

परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका समोर आली. घंटा झाली, सगळ्या भराभरा लिहायला लागल्या आणि मी पहिल्याच ओळीत अडकले. मग मी कागद फिरवला आणि उलटा वाचायला लागले. पहिली तीन उत्तरं बरोबर लिहिली, आजही सांगते तुला ती कुठली. एवढ्यात देखरेखीचे सर आले. 'कागद सरळ धर.' मी म्हटलं, 'सर, मला असंच येतं.' त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. त्यांनी कागद सरळ केला. ते पुढे गेल्यावर मी परत फिरवला. दुसऱ्यांदा त्यांनी काढूनच घेतला. फाटकाशी बाबा उभे होते, त्यांना सांगितलं, 'मोठीला अक्षरओळखसुद्धा नाही. उगाच आणलीत.' बाबांना स्वतःला वाचता येत नव्हतं, ते काय पडताळून बघणार? मी रडत रडत खरं सांगितलं, ते म्हणाले, उलटं कुणी वाचतं का? घरी आल्यावर आई म्हणाली, म्हणजे इतके दिवस नुसती बसून असायचीस होय! महिन्याभरात मला शिवणाच्या क्लासला घातलं.

तू पुढच्या बाकावर मान खाली घालून लिहीत होतीस. तुला दिसलं नाही, तुझा दोष नाही. पण 'कल' हा शब्द खोड.

ताई

९ जून

ताई,

शब्द खोडला. अख्खं पान काढून टाकलं.

मला दिसलं होतं. सर 'सरळ धर' म्हणाले तेव्हाच मी मागे वळून बघितलं होतं. तू कागद का फिरवलास हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

आणि आणखी आहे. फाटकातून निघाल्यावर तू नळावर तोंड धुवायला गेलीस. बाबांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, 'धाकटे, खरं सांग. ताईला वाचता येतं का?' मी म्हटलं, 'माहीत नाही.'

तुझं वाचणं मला माहीत नव्हतं? मी अडायचे तेव्हा पलीकडून शब्द तूच सांगायचीस. पण येताना बाबा म्हणाले होते की दोघींपैकी एकीलाच पाठवता येईल. तुझ्या उत्तरांना माझ्यापेक्षा नेहमी जास्त मार्क पडायचे. मला तुझा भयंकर हेवा वाटायचा ताई. पुस्तक माझ्याकडे तोंड करून आणि बाईंची शाबासकी तुला! मी दोन शब्द बोलले आणि तू नळावरून ओला चेहरा घेऊन आलीस.

बावीस वर्षं मी मुलांना शिकवते की माणसाचं आयुष्य त्याच्या एकट्याच्या हातात नसतं. जागा एक का होती? पुस्तक एक का होतं? ती खोली इतकी अरुंद का होती, आणि बाबांना वाचता का येत नव्हतं? ही सगळी उत्तरं खरी आहेत, मी ती खोटी म्हणणार नाही. पण तुझं पत्र वाचल्यावर मला कळलं की ती मी इतक्या आवडीनं का शिकवते.

आता एकच. तुझ्या मशीनच्या खणाचं मी काही विचारलं नव्हतं. पंचवीस तारीख जवळ आली आहे.

धाकटी

१६ जून

धाकटे,

तुझं पत्र वाचलं आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा कॉलर उसवावी लागली. एक नाही, सात. मास्तरनं विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, बहिणीचं पत्र आलंय. तो समजून परत कापायला लागला, त्यालाही भाऊ आहे.

तू म्हणतेस जागा एक, पुस्तक एक, खोली अरुंद. असेल. तुझ्याशी वाद घालण्याइतकं मी शिकलेली नाही. पण बाबांनी विचारलं तेव्हा तिथे खोली नव्हती आणि समाजही नव्हता, तू होतीस. दोन शब्द बोलायचे होते. त्या दिवसापासून आजपर्यंत मला वाटत आलं की मीच कुठेतरी मूर्खपणा केला. रांगेत कुणी फॉर्म हातात दिला की अजून मी तो शेजारच्या बाईकडे सरकवते. तुझं हे मी विसरणार नाही. माफ केलं असंही लिहिणार नाही, कारण केलेलं नाही.

हे सगळं तुला तोंडावर मारायला मी पेन घेतलं, आणि मग मला खण दिसला.

पत्र चोवीस मेलाच आलं होतं. पोरगी क्लासला गेलेली. मी ते बॉबिनींच्या खाली ठेवलं आणि वर दोऱ्याची रिळं रचली. रोज संध्याकाळी ती विचारायची, 'आई, काही आलं?' आणि मी म्हणायचे, 'माहीत नाही गं.' तुझे तेच दोन शब्द, आणि ते मी तीन आठवडे रोज बोलले. तू निदान तेव्हा अकरा वर्षांची होतीस.

काल काढून तिच्या हातात दिलं. पाकिटावरची तारीख तिनं बघितली. रात्री ती जेवली नाही. सकाळी फॉर्म घेऊन टेबलाशी बसली तेव्हा मी समोर भाजी निवडत होते. ती लिहीत होती आणि माझी नजर तिकडेच. 'पालकाचे शिक्षण' असा रकाना आला. ती तिथे थांबली, तशी मी म्हटलं, 'चौथी लिही.' तिनं वर बघितलं. 'आई, तुला तिकडून दिसतं? उलटं?'

मग सांगितलं सगळं. ट्रंक, पेपर, सर, नळ. तुझंही सांगितलं, वगळलं नाही. ती ऐकत राहिली. तिनं लिहिलं 'चौथी', आणि त्यापुढे लिहिलं 'पण'. रकाना लहान होता, पुढे काही मावेना. मग तिनं 'पण' खोडलं. मी तिच्या बाजूला जाऊन खाली सही केली.

फॉर्म आजच रजिस्टर पोस्टानं टाकलाय. पोरीला पाठवते आहे ती तुझ्यावर भरवसा आला म्हणून नाही. माझ्या खणात ती मावेना म्हणून.

ताई

४ जुलै

ताई,

पोचली. बॅग मागच्या खोलीत लावली. पहिल्या संध्याकाळी ती टेबलाशी वाचत बसली आणि मी सवयीनं समोर खुर्ची घेतली. ती म्हणाली, 'मावशी, समोर नको. इकडे ये.' माझ्यावरचा तिचा राग अजून गेलेला नाही. विचारलेल्याला उत्तर देते, जास्त नाही. मी खुर्ची उचलून तिच्या शेजारी नेली.

पहिल्याच रात्री झोपेत तिनं 'अगं आई' म्हटलं. तुला कळवावं की नाही असा विचार केला. आतून जळलेही. तरी कळवते आहे.

धाकटी

११ जुलै

धाकटे,

कळवलंस ते बरं केलंस. तेवढी ओळ मी दोन वेळा वाचली, एकदा सरळ आणि एकदा उलटी. उलटी अजूनही लवकर वाचून होते.

आरशावरचा तुझ्या कपाटाचा फोटो ती काढून घेऊन गेली. तिथे चिकटपट्टीचे चार डाग राहिलेत. आता माझं अख्खं तोंड दिसतं, आणि ते काही बघण्यासारखं नाही, ते जाऊ दे.

एक विचारायचं आहे. तिला गाडीत बसवायला गेले होते. खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी, काहीबाही सांगत होते, डबा वेळेवर खा, स्वेटर वर ठेवलाय. तिनं मान हलवली आणि नवं पुस्तक काढून मांडीवर उघडलं. तिचं एकटीचं पुस्तक, सरळ, तिच्याकडे तोंड केलेलं. गाडी हलली तशी तिनं हात केला, पण एक बोट तिनं पानावर ठेवलेलंच होतं.

मला वाटलं होतं रडू येईल. तुझ्यावरचा राग उफाळेल असंही वाटलं होतं. दोन्ही झालं नाही. गाडी वळेपर्यंत मला तिचा हेवा वाटत होता. तुझा नाही, तिचा. पोटच्या पोरीचा.

हे तुझ्या तीस प्रश्नांत कितव्या नंबरला बसतं, तेवढं कळव.

ताई